भेगेचा मार्ग

हंगेरीच्या राज्यातील शेम्निट्झ या खाणगावी, ८ फेब्रुवारी १६२७ रोजी, कास्पार वाइंडल नावाच्या एका कारागिराने खडकाला भोक पाडले, त्यात बंदुकीची दारू ठासली आणि बत्ती दिली. हे गाव आज स्लोव्हाकियात असून बान्स्का श्टियाव्हनित्सा या नावाने ओळखले जाते. खाणीच्या पोटात दारूने खडक फोडल्याची लेखी नोंद असलेल्या घटनांत ही फार जुनी समजली जाते. तोपर्यंत खडक फोडण्याचे दोनच मार्ग माणसाला ठाऊक होते. छिन्नी, घण आणि पाचर हा एक. आणि खडकाशी लाकडे पेटवून तो तापवावयाचा व त्याला पडलेल्या तड्यांत पहार घालावयाची, हा दुसरा. दोन्हींत वेळ अतोनात जाई. दारूने तो वेळ वाचविला, परंतु त्याची किंमत निराळ्या मार्गाने वसूल केली.

दारू तोफखान्यातून खाणीत आली, तशी तोफखान्याची आश्रयदाती संत बार्बारा हीही खाणकऱ्यांची विशेष आवडती झाली. वीज आणि आकस्मिक मृत्यू यांपासून ती रक्षण करते, अशी ख्रिस्ती जगाची जुनी श्रद्धा आहे. तिचा वध करणारा तिचा पिता विजेने जळून गेला, अशी आख्यायिका त्या श्रद्धेच्या मुळाशी आहे. फ्रेंच जहाजांवर दारूच्या कोठाराला ‘सांत-बार्ब’ असेच म्हणत. बोगद्याचे काम सुरू करण्यापूर्वी तोंडाशी तिची मूर्ती बसविण्याची आणि ४ डिसेंबरला तिचा सण पाळण्याची चाल युरोपात आजही आहे. सुरुंग लावणाऱ्याला आकस्मिक मृत्यूचे भय किती वाटत असले पाहिजे, याचा हा पुरावाच होय. आणि हा मृत्यू पुष्कळदा स्फोटाच्या क्षणी येत नसे. धूर निवळला, माणसे आत गेली, राडारोडा उपसू लागली, की डोक्यावरचा खडक निखळून खाली येई. स्फोटाने फोडावयाचा खडक फुटलेला असे. पण त्याबरोबर राखावयाचा खडकही आतून तडकलेला असे आणि ते वरून कोणाला दिसत नसे.

सुरुंगाचा खरा प्रश्न हा आहे. खडक फोडणे फारसे अवघड नाही; भेग जेथे थांबावी असे वाटते तेथे तिला थांबविणे अवघड आहे. भेग कोठे सुरू होते, कोणत्या दिशेने धावते, किती वेगाने धावते आणि का थांबते, यांपैकी एकाही गोष्टीचे उत्तर १६२७ नंतर जवळजवळ तीनशे वर्षे कोणापाशी नव्हते. अनुभवाचे ठोकताळे मात्र होते आणि त्यांतले काही फार शहाणपणाचे होते. इमारतीचा दगड काढणारा कारागीर एका ओळीत लहान लहान भोके पाडतो, त्यांत पाचरी बसवितो आणि एकीमागून एक अशा त्या थोड्या थोड्या ठोकत जातो. दगड त्या ओळीने सरळ दुभंगतो. दख्खनच्या जुन्या खाणींत पाथरवटांनी पाडलेल्या अशा भोकांच्या रांगा अर्धवट सोडलेल्या शिळांवर आजही दिसतात. भेगेला सुरुवात करून दिली की ती त्या वाटेने जाते, हे त्या कारागिरांच्या हाताला ठाऊक होते. का जाते, हे मात्र त्यांना कोणी विचारले नाही.

१८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातून लोहमार्ग नेला गेला, तेव्हा सह्याद्रीचा काळा पाषाण फोडावयाला हीच काळी दारू वापरली गेली. आल्फ्रेड नोबेलचा डायनामाइट १८६७ साली आला. दोरांवरून कड्यावर सोडलेल्या मजुरांनी पहारीने भोके पाडावयाची, दारू ठासावयाची आणि बत्ती देऊन वर ओढले जावयाचे, असे ते काम होते. पंचवीस बोगदे त्या घाटात खोदले गेले. पटकीने आणि अपघातांनी किती माणसे गेली याचा हिशेब नीट ठेवलाच गेला नाही, ही त्या कामाची सर्वांत काळी बाजू होय.

डायनामाइट आल्यावर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. काळी दारू जळते, तिचा वायू होतो आणि तो वायू खडकाला रेटतो. डायनामाइट जळत नाही, त्याचा महास्फोट होतो; स्फोटाची आघाडी त्या द्रव्यातून सेकंदाला हजारो मीटर वेगाने धावते. म्हणजे डायनामाइट दारूपेक्षा सर्वच कामांत वरचढ ठरावयास हवे होते. परंतु इमारतीचा दगड काढणारे खाणवाले जुन्या दारूला चिकटून राहिले. डायनामाइट भोकाभोवतीचा दगड चुरडून टाकतो आणि उरलेल्या दगडात बारीक तडे सोडतो, अशी त्यांची तक्रार होती. ती खरी होती. अधिक जोर म्हणजे अधिक उपयोग, हे गणित येथे चुकत होते. ते कोठे चुकते हे उलगडण्यासाठी खाणीतून प्रयोगशाळेत यावे लागले.

त्या प्रयोगशाळेची कथा एका पितापुत्रांपासून सुरू होते. मँचेस्टरचे जॉन हॉपकिन्सन यांनी १८७२ साली एक साधा प्रयोग केला. वर घट्ट बांधलेली लोखंडी तार घेतली, तिच्या खालच्या टोकाला अडणी बसविली आणि तारेत ओवलेले वजन वरून त्या अडणीवर पडू दिले. तार तुटावयाची तर आघात झाला तेथे, खाली, तुटावी असे कोणालाही वाटेल. पण तार पुष्कळदा वर, बांधलेल्या टोकाशी तुटली. आघात तारेतून लाटेसारखा वर गेला, टोकाशी आदळून परतला आणि जाणारी व येणारी लाट एकमेकींत मिसळून तेथला ताण वाढला. आघाताचे ठिकाण निराळे आणि तुटण्याचे ठिकाण निराळे!

जॉन हॉपकिन्सन १८९८ साली आल्प्स पर्वतावर चढताना एक मुलगा आणि दोन मुली यांच्यासह मृत्यू पावले. त्यांचा थोरला मुलगा बर्ट्रम तोपर्यंत वकिली करीत होता. त्याने ती सोडून पित्याचा अभियांत्रिकीचा व्यवसाय हाती घेतला आणि १९०३ साली तो केंब्रिजला प्राध्यापक झाला. स्फोटाचा दाब मोजावयाचा कसा, हा प्रश्न त्याने घेतला. हा दाब सेकंदाच्या काही लक्षांश भागापुरता टिकतो आणि तेवढ्यात कोणत्याही मापकाचा काटा जागचा हलत नाही. बर्ट्रमची युक्ती समजून घ्यावयाची तर कॅरमच्या सोंगट्या एकीला एक चिकटून ओळीत मांडाव्यात आणि एका टोकाच्या सोंगटीवर नेमका मारा करावा. मधल्या सोंगट्या जवळजवळ जागच्या जागी राहतात आणि पलीकडच्या टोकाची सोंगटी तेवढी उडून जाते. बर्ट्रमने पोलादाचा लांब दांडा दोऱ्यांनी आडवा टांगला, त्याच्या पलीकडच्या टोकाला त्याच जाडीचा आखूड तुकडा लोहचुंबकाने चिकटवून ठेवला आणि अलीकडच्या टोकाशी स्फोट घडविला. दाबाची लाट दांड्यातून सेकंदाला सुमारे पाच हजार मीटर वेगाने गेली, मोकळ्या टोकाशी पोहोचून उलटली आणि उलटताना दाबाचा ताण झाला. त्या क्षणी तुकडा सुटून उडाला आणि समोर टांगलेल्या जड पेटीत जाऊन अडकला. पेटी किती झुलली यावरून तुकड्याने किती आघात पळविला ते कळले. निरनिराळ्या लांबीचे तुकडे लावून दाब किती वेळ टिकला हेही कळले. हा शोधनिबंध १९१४ साली प्रसिद्ध झाला. त्या दांड्याचीच पुढची रूपे आजही आघाताचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांत वापरली जातात.

याच निबंधात भेगेच्या कथेला वळण देणारी गोष्ट आहे. पोलादाच्या जाड पत्र्याला चिकटवून गनकॉटनचा स्फोट केला, तर पत्र्याची मागची बाजू, म्हणजे स्फोटापासून दूरची बाजू, आतून सुटते आणि तिची जाड चकती उडून जाते. पुढून मारावे आणि पाठ फुटावी, असा हा प्रकार. दाबाची लाट पलीकडच्या मोकळ्या पृष्ठभागावर जाऊन ताणाची लाट होऊन परतते, आणि पोलाद काय किंवा दगड काय, दाब पुष्कळ सोसतो तरी ताण थोडाच सोसतो. दगडाची गोष्ट तर याबाबतीत फारच दुबळी. दाबाला तो जेवढा टिकतो त्याच्या दहाव्या भागाइतक्या ताणालाही पुष्कळदा टिकत नाही. बोगद्याच्या छतातून खपली सुटावी, याचे एक कारण येथे पहिल्यांदा डोळ्यांसमोर आले. बर्ट्रम हॉपकिन्सन यांना हा अभ्यास पुढे नेता आला नाही. महायुद्धात ते विमानविद्येच्या कामात पडले, स्वतः विमान चालवावयास शिकले आणि २६ ऑगस्ट १९१८ रोजी एकटे उड्डाण करीत असता विमान कोसळून त्यांचा अंत झाला.

लाट ताण देते हे कळले. परंतु ताण मिळाल्यावर भेग पसरते का आणि केव्हा, हा पुढचा प्रश्न उरलाच. केंब्रिजमधलेच चार्ल्स इंग्लिस यांनी १९१३ साली गणिताने दाखविले, की ताणलेल्या पत्र्याला गोल भोक असेल तर भोकाच्या कडेशी ताण तिप्पट होतो, आणि भोक रुंदीच्या दहापट लांब असेल, तर त्याच्या टोकाशी तो एकवीसपट होतो. मग अत्यंत चिंचोळ्या भेगेच्या टोकाशी तो अमर्याद व्हावयास हवा आणि नखाचा ओरखडा पडलेली प्रत्येक काच आपोआप फुटावयास हवी. तसे तर होत नाही. या कोड्याचे उत्तर ॲलन अर्नोल्ड ग्रिफिथ या सत्ताविशीच्या तरुणाने फार्नबरोच्या विमानसंस्थेत शोधले. विमानाच्या भागांवरील बारीक ओरखड्यांनी ते भाग किती दुबळे होतात, हा त्याच्यापुढचा व्यावहारिक प्रश्न होता. त्याने काचेचे फुगे आणि नळ्या घेतल्या, त्यांवर मोजक्या लांबीच्या भेगा पाडल्या आणि आत दाब वाढवीत नेऊन त्या फोडल्या. भेग चौपट लांब केली की निम्म्याच ताणाने काच फुटते, असा नियम निघाला. त्याचे कारण त्याने जमाखर्चाच्या भाषेत सांगितले. भेग वाढली की दोन नवे पृष्ठभाग तयार होतात आणि त्यांना शक्ती खर्चावी लागते. उलट भेगेच्या आसपासची काच ताणातून मोकळी होते आणि शक्ती जमेस येते. जमा खर्चाच्या वर गेली की भेग सुटते आणि मग थांबत नाही. १९२० साली सादर झालेला हा निबंध १९२१ साली प्रसिद्ध झाला. पुढे रात्री चालू राहिलेल्या एका गॅसच्या शेगडीने त्या प्रयोगशाळेत आग लागली आणि काचेचे प्रयोग बंद करण्यात आले, असे सांगतात. जगाने ग्रिफिथच्या निबंधाकडे पाव शतक फारसे लक्ष दिले नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची सांधलेली जहाजे दुभंगू लागली, ‘शेनेक्टडी’ हे तेलवाहू जहाज तर १६ जानेवारी १९४३ रोजी शांत पाण्यात धक्क्याशी उभे असताना मोडले, तेव्हा तो निबंध कपाटातून बाहेर निघाला.

ग्रिफिथच्या नियमात एक गोष्ट दडलेली आहे, ती सुरुंगाला फार महत्त्वाची आहे. भेग जितकी लांब, तितका तिला पुढे नेणारा ताण कमी. म्हणजे भोकाभोवती शंभर भेगा एकाच वेळी सुरू झाल्या आणि त्यांतल्या दोनचार केसभर लांब असल्या, तर त्याच पुढे जातात, वायूही त्यांतच शिरतो आणि बाकीच्या मागे राहतात. भेगांच्या राज्यात ज्याच्यापाशी आहे त्यालाच अधिक मिळते.

परंतु हे सारे डोळ्यांनी पाहावयाचे कसे? भेग माणसाच्या दृष्टीपेक्षा फार वेगाने धावते. ही अडचण बर्लिनमध्ये कार्ल क्रांझ आणि त्यांचे तरुण सहकारी ह्युबर्ट शार्डिन यांनी दूर केली. १९२९ साली त्यांनी जो कॅमेरा योजला त्यात हलणारा एकही भाग नव्हता. फिल्म स्थिर, भिंगे स्थिर. मात्र विजेच्या ठिणग्यांची एक चौकट होती आणि प्रत्येक ठिणगीला स्वतःचे वेगळे भिंग होते. ठिणग्या ठरावीक अंतराने एकीमागून एक उडत आणि प्रत्येकीचा प्रकाश मोठ्या भिंगातून जाऊन आपल्याच लहान भिंगात पडे. अशा रीतीने सेकंदाला लाखो चित्रांच्या वेगाने दोन डझन चित्रे मिळत. शार्डिन यांनी या कॅमेऱ्यापुढे काच फोडली. काचेतली भेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने धावते आणि आघात कितीही वाढविला तरी तो वेग वाढत नाही, असे त्यांना आढळले. काचेतून ध्वनी याच्या तिप्पटीहून अधिक वेगाने जातो. म्हणजे भेग आघाताच्या लाटेच्या पुष्कळ मागे राहते. लाट पुढे जाते, परतते, भेगेला समोरून भेटते आणि तिची वाट वाकविते. युद्धानंतर शार्डिन यांनी फ्रायबुर्ग येथील एर्न्स्ट माख संस्थेचे नेतृत्व केले. १९६५ साली ते निवर्तले.

वेगाची मर्यादा गाठलेल्या भेगेला अधिक शक्ती दिली तर ती काय करते? ती फुटते. एकीच्या दोन होतात, दोहोंच्या चार होतात. एलिझाबेथ यॉफी या विदुषीने १९५१ साली गणिताने याचे एक कारण दिले. भेग फार वेगाने धावू लागली की तिच्या टोकापुढचा सर्वाधिक ताण सरळ समोर न राहता दोन्ही बाजूंना सरकतो, आणि भेगेला सरळ जाण्याचे कारणच उरत नाही. डायनामाइट दगडाचा चुरा का करतो याचे अर्धे उत्तर येथे मिळते. जास्तीची शक्ती भेगेला लांब नेत नाही, तिला अनेक फाटे फोडते.

याच सुमारास सुरुंगशास्त्रात एक वाद माजला होता आणि तो वाद बराच हट्टाचा होता. जपानमध्ये कुमाओ हिनो आणि अमेरिकेत सरकारी खाणसंस्थेतील डुव्हल व ॲचिसन यांचे म्हणणे असे, की खडक आघाताच्या लाटेने फुटतो. मोकळ्या बाजूवरून परतलेली ताणाची लाट त्याचे थर सोडविते. हॉपकिन्सनची उडालेली चकती हा त्यांचा आधार. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की लाट येते आणि जाते; खडक खरा दूर सारतो तो मागून भोकात कोंडलेला वायू. खाणीत हा वाद मिटण्याजोगा नव्हता. कारण तेथे लाट आणि वायू एकाच भोकातून, एकाच क्षणी निघतात आणि धूर निवळल्यावर दोघांपैकी कोणी काय केले याचा साक्षीदार उरत नाही.

मिनेसोटा विद्यापीठातील हान्स कुट्टर आणि चार्ल्स फेअरहर्स्ट यांनी दोघांना वेगळे केले. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत लाट निर्माण करावयाला स्फोटक द्रव्य नव्हतेच. पाण्यात विजेची ठिणगी उडवून तिच्या धक्क्याने पारदर्शक प्लास्टिकच्या आणि दगडाच्या तक्त्यांत लाट सोडली होती. वायूच्या दाबाचा परिणाम त्यांनी निराळा अभ्यासला. निकाल असा निघाला, की दोन्ही पक्ष आपापल्या वेळेपुरते खरे आहेत. लाट आधी जाऊन भोकाभोवती आऱ्यांप्रमाणे भेगा पाडते. वायू मागून येतो, त्या भेगांत शिरतो आणि त्यांना पुढे नेतो. शिवाय खडकात आधीपासून एका दिशेने दाब असेल, तर भेगा त्या दिशेलाच कलतात. डोंगराच्या पोटातील खडक दाबाखाली असतोच. म्हणून एकाच मापाचे दोन सुरुंग दोन ठिकाणी निरनिराळे वागतात.

यानंतरचा अध्याय मेरिलँड विद्यापीठातला आहे. जेम्स डॅली, विल्यम फोर्नी आणि डोनाल्ड हॉलोवे यांनी १९७०च्या दशकात शार्डिनच्या पद्धतीचा ठिणग्यांचा कॅमेरा आणि एक जुना प्रकाशगुण यांची सांगड घातली. डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१६ साली दाखविले होते, की ताणाखालच्या काचेतून विशिष्ट प्रकाश पाठविला तर ताणाच्या रेषा रंगांच्या पट्ट्यांसारख्या दिसतात. मेरिलँडच्या मंडळींनी होमॅलाइट नावाच्या ठिसूळ पारदर्शक प्लास्टिकचा तक्ता घेतला, मध्ये लहानसे भोक पाडले आणि त्यात एका ग्रॅमच्या अल्पांशाइतके स्फोटक भरले. चित्रांत प्रथम लाटेची काळी वर्तुळे पसरताना दिसत. त्यांच्या आत, बरेच मागे, भेगांचा तारा उमलताना दिसे. भोकाच्या अगदी जवळ भेगांची दाट झालर, आणि तिच्यातून बाहेर पडलेल्या मोजक्याच लांब भेगा.

आता त्यांनी पाथरवटाची युक्ती भोकाला लावली. भोकाच्या आतील भिंतीवर समोरासमोर दोन बारीक खाचा कोरल्या आणि स्फोटक कमी करून त्याच्याभोवती हवेची पोकळी ठेवली. भेगा दोनच निघाल्या आणि त्या खाचांच्या रेषेने सरळ गेल्या. बाकीची भिंत शाबूत राहिली. स्फोटक वाढविले की खाचांचा अधिकार संपे आणि भेगा पुन्हा वाटेल तेथून निघत. म्हणजे खाच असली तरी दाब एका मर्यादेच्या आत ठेवावा लागतो, वरही नाही आणि खालीही नाही. ही खाचेची कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील दगडाच्या खाणींत खाचा पाडलेली भोके वापरली जात होती आणि मग ती विस्मरणात गेली. मेरिलँडने ती परत आणली व तिच्या मर्यादा आकड्यांत सांगितल्या. खडकातील भोकाला खाच कोरणे वेळखाऊ असते, म्हणून स्फोटकाची नळीच दोन बाजूंनी चिरलेली ठेवावी, म्हणजे वायू त्या दोन चिरांतूनच भिंतीवर झोत टाकतो, असाही उपाय फोर्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली मांडला.

प्रत्यक्ष कामावरचे अभियंते या चित्रांसाठी थांबले नव्हते, हे सांगितले पाहिजे. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात नायगारा नदीवरच्या विद्युत्-प्रकल्पासाठी खोल कालवे खोदताना कडेच्या ओळीत जवळजवळ भोके पाडून, त्यांत हलके स्फोटक भरून, मुख्य सुरुंगांच्या आधी ती उडविण्यात आली. त्यायोगे कडेला एक सलग भेग पडली आणि नंतरच्या मोठ्या स्फोटांच्या भेगा तेथे येऊन थांबल्या. भेगेला भेगेनेच अडविण्याची ही रीत पुढे जगभर पसरली.

प्रयोगशाळेतील प्लास्टिकचा तक्ता आणि डोंगराच्या पोटातील खडक यांत अंतर फार मोठे आहे, ही शंका कोणीही घ्यावी. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी ती गंभीरपणे घेतली. नैसर्गिक वायूच्या विहिरीभोवतीचा खडक कसा तडकवावा, हा त्यांचा प्रश्न होता. नेव्हाडातील एका बोगद्यात ज्वालामुखीच्या राखेच्या खडकाला त्यांनी भोके पाडली आणि प्रत्येकात निरनिराळ्या वेगाने दाब वाढविणारे द्रव्य जाळले. मग जे केले ते खरे धैर्याचे होते. त्यांनी तो खडक खणून काढला आणि आतल्या भेगा एकेक करून मोजल्या. १९७९ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा होता. दाब हळू वाढला तेथे एकच भेग पडली. ती उघडताच भोकावरचा भार उतरला आणि दुसरीला संधीच मिळाली नाही. दाब अतिवेगाने वाढला तेथे भिंत चुरडली, आणि त्या चुऱ्याने व दबून बसलेल्या खडकाने भेगांची तोंडेच बुजविली. मधल्या वेगाने, सेकंदाच्या सहस्रांशांत, दाब वाढला तेथे चहूकडे अनेक भेगा निघाल्या. डायनामाइटविरुद्ध जुन्या खाणवाल्यांची जी तक्रार होती, तिच्यावर हे शिक्कामोर्तबच झाले.

या ज्ञानाची कसोटी जेथे फार कठोर लागते, ते काम म्हणजे तलावाच्या तळाशी भोक पाडणे. धरणातील पाणी न काढता बोगदा खालून तलावाच्या तळापर्यंत नेतात, शेवटी खडकाचे एक बूच राखतात आणि ते एका स्फोटात उडवितात. दुसरी संधी नसते. बूच पुरते फुटले नाही, तर डोक्यावर उभ्या पाण्याखाली अर्धवट तडकलेला खडक उरतो, आणि त्याच्याजवळ पुन्हा माणूस पाठविणे जवळजवळ अशक्य होते. तुकडे मोठे निघाले, तर खालचा खड्डा त्यांना सामावून घेत नाही. आणि भेगा बुचाच्या परिघाबाहेर गेल्या, तर बोगद्याचे तोंडच कमकुवत होते. नॉर्वेने ही विद्या आपल्या डोंगरी सरोवरांखाली विसाव्या शतकात शेकडो वेळा वापरली. सह्याद्रीत कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली, प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यासाठी, ती १३ मार्च १९९९ रोजी वापरली गेली. बूच उडाले, जलाशयाचे पाणी बोगद्यात उतरले. त्याच जलाशयाखाली दुसऱ्या बुचाचा स्फोट २५ एप्रिल २०१२ रोजी करण्यात आला.